आमचे धोतर व फ्लॉरेन्स शहर

आमच्या पणजोबांच्या काळी समुद्र ओलांडणारास प्रायश्चित्त घ्यावे लागे. समुद्र तर दूरच. खुद्द पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनात चहाचे पेले पुढे आले, एवढ्यावरून केवढे रण माजले आणि न्यायमूर्ती रानड्यांसारख्यांनाही अखेर प्रायश्चित्त घेणे कसे प्राप्त झाले, हे वाचकांस विदित आहेच. आज आमच्या आप्तवर्गात असे एकही घर नाही की, ज्यातले कोणी ना कोणी परदेशी नाही. तेव्हा युरोपाच्या प्रवासाचे साद्यंत वर्णन लिहून वाचकांचा वेळ घेण्यात हशील नाही. आम्हांस लिहावयाचे आहे ते निराळेच आहे, आणि थोडे लाजेचेही आहे. परंतु चौतीस वर्षे मुलांच्या चुकांखाली तांबडी रेघ ओढण्यात घालविल्यावर, एखादी रेघ स्वतःच्या चुकीखाली ओढण्यास हरकत नसावी.

आम्ही जुने मॅट्रिक. संस्कृताचे अध्ययन वडिलांजवळ व पुढे पाठशाळेत झाले, आणि चरितार्थासाठी प्राथमिक शाळेत मास्तरकी केली. धोतर, बंद गळ्याचा कोट व काळी टोपी हा वेष आम्ही तिशीत मुद्दाम स्वीकारला आणि पेन्शन सुरू झाल्यावरही सोडला नाही. बरोबरीचे शिक्षक हसत. आम्ही त्यांच्या हसण्याचा पोषाखासारखाच अभिमान बाळगला. आहाराचेही तेच. घरचे वरणभात, भाजी, पोळी. बाहेरचे अन्न वर्ज्य. चिरंजीव म्यूनिकला नोकरीस आहेत. त्यांनी "बाबा, जानेवारीत इकडे या, आपण सर्व मिळून इटली पाहू," असे कळविले, तेव्हा आम्ही दोन अटी घातल्या. वेष बदलणार नाही, आणि परान्न घेणार नाही. चिरंजिवांनी दोन्ही मान्य केल्या. त्या अटींचा भार कोणी उचलावयाचा, हे त्यांनी विचारले नाही, आम्ही सांगितले नाही, आणि जिने उचलावयाचा होता तिला विचारण्याचे आम्हां कोणाच्याच मनात आले नाही.

सौ.ने एक लहान प्रेशर कुकर, तांदूळ, डाळी, मेतकूट, थालिपिठाची भाजणी व गोडा मसाला बांधून घेतला. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई असल्याने साजूक तूप तेवढे घरी राहिले. ते तिने म्यूनिकला पोहोचताच सुनेकडून लोणी आणवून कढविले. सामानाची मोठी पेटी उघडली, तेव्हा तिचे स्वतःचे कपडे कुकरच्या भोवती गुंडाळलेले निघाले. आमची धोतरे मात्र निराळ्या पिशवीत, परीटघडी न मोडलेली होती.

म्यूनिकहून आगगाडीने आल्प्स ओलांडून इटलीत उतरता येते. इन्सब्रुकच्या पुढे ब्रेन्नरची खिंड लागते. तीत बर्फाने झाकलेली देवदारासारखी झाडे पाहून आमची पाच वर्षांची नात काचेस नाक लावून बसली. खिंडीच्या अलीकडे जर्मन पाट्या, पलीकडे जर्मन व इटालियन दोन्ही, आणि व्हेरोना आले की केवळ इटालियन. बोलोन्यास गाडी बदलली, आणि तेथून डोंगरातील लांब बोगद्यांतून चाळीस मिनिटांच्या आत फ्लॉरेन्स गाठले.

तेथे आठ दिवसांसाठी स्वयंपाकघरासह बिऱ्हाड घेतले होते. तिसरा मजला, अरुंद जिना, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून ब्रुनेलेस्कीचा तो प्रचंड घुमट समोर. १४२० साली आरंभ झालेला व १४३६ साली पुरा झालेला हा विटांचा घुमट, जमिनीपासून लाकडी आधाराचा सांगाडा न उभारता बांधलेला आहे. ही माहिती आम्ही पहिल्याच सायंकाळी सर्वांस सांगितली. सौ. तेव्हा कणीक भिजवीत होती. ती म्हणाली, "खिडकीतून छान दिसतो."

दुसऱ्या दिवसापासून आमचा क्रम ठरला. सौ. पाचास उठे. स्नान करून आदले दिवसाचे धोतर धुऊन उष्णतेच्या नळ्यांवर वाळत घाली, वाळलेल्यास इस्तरी करी व निऱ्यांची घडी घालून ठेवी. नंतर स्वयंपाक. नऊच्या सुमारास आम्ही जेवून, पोशाख करून, हातात वही घेऊन चिरंजिवांबरोबर बाहेर पडत असू. सौ. भांडी आवरून मागाहून येणार, असे रोज ठरे. परंतु तिच्या पायांत चपला होत्या. फ्लॉरेन्सचे रस्ते दगडी फरशांचे, जानेवारीत ओले व बर्फासारखे गार. दुसऱ्याच दिवशी तिच्या टाचेस भेग पडून रक्त आले. सूनबाईंनी बूट आणू म्हटले, त्यावर आम्ही म्हणालो, "नऊवारी-पाचवारीखाली बूट? शोभा होईल." सूनबाई गप्प राहिल्या. सौ. म्हणाली, "तुम्ही या जाऊन. मी रात्रीचे बघते."

आम्ही जाऊन आलो. आणि वाचकहो, सत्य सांगावयाचे तर आमचा काळ मोठ्या आनंदात गेला. हे लोक कपड्यांच्या बाबतीत आमच्याच पंथाचे निघाले! सत्तरीचा वृद्ध भाजी आणावयास निघाला, तरी कोटास इस्तरी, गळ्यात रुमाल, बुटांस पॉलिश. लोकांत चांगले दिसावे-वागावे या वृत्तीस ते 'बेल्ला फिगुरा' म्हणतात. शब्दशः 'सुंदर आकृती'. याच शहरात १९७२ पासून 'पित्ती उओमो' नावाचे पुरुषांच्या पोशाखाचे प्रदर्शन भरत आले आहे, हल्ली जानेवारीत व जूनमध्ये. नेमके ते चालू होते. जुन्या किल्ल्याजवळ, जेथे ते भरते, एका तरुणाने आम्हांस थांबविले. हातात मोठा कॅमेरा. आमचे धोतर, लोकरी कोट, काळी टोपी व पंपशू यांकडे पाहून त्याने हात जोडून छायाचित्राची अनुज्ञा मागितली. पाठोपाठ आणखी दोघे आले. एकाने निऱ्यांकडे बोट दाखवून चिरंजिवांस काही विचारले. चिरंजीव हसून म्हणाले, "बाबा, तो विचारतोय, या इतक्या सारख्या घड्या तुम्ही कशा घालता?"

आम्ही उत्तर दिले, "सवयीने."

हे उत्तर आम्हांस त्या क्षणी मोठे मार्मिक वाटले होते.

खाण्याचे आमचे सोवळे मात्र एवढे अभंग राहिले नाही. घरात पावाबरोबर खाण्यास चिरंजिवांनी 'पार्मिजानो' हे प्रसिद्ध चीज आणले होते. दूधच ते, अशा समजुतीने आम्ही दोन दिवस ते आवडीने खाल्ले, किंबहुना मागून घेतले. तिसऱ्या दिवशी सूनबाईंनी संकोचाने सांगितले की, हे चीज करताना दूध फाडण्यासाठी वासराच्या पोटातील द्रव्य वापरतात, आणि नियमाप्रमाणे दुसरे काही चालतच नाही. याच तस्कनी प्रांतात रानटी काटेरी वनस्पतीच्या फुलांनी दूध फाडून केलेले मेंढीच्या दुधाचेही चीज मिळते. परंतु आम्ही खाल्ले ते नव्हे. आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. मग "अजाणता घडले" असे म्हणून आम्ही स्वतःस क्षमा केली. ही क्षमा किती लवकर मिळाली, हे पुढे आठवले.

पाचव्या दिवशी पुराणवस्तूंच्या संग्रहालयात गेलो. सौ. त्या दिवशीही घरीच होती. तेथे 'वक्ता' या नावाने ओळखली जाणारी, पुरुषभर उंचीची काशाची मूर्ती आहे. ख्रिस्तपूर्व १००च्या सुमाराची. १५६६ साली ती सापडली. उजवा हात पुढे करून एक गृहस्थ सभेस काही सांगत आहे, आणि अंगावर टोगा आहे. आम्ही हर्षभरित झालो. टोगा म्हणजे न शिवलेले वस्त्र; आमच्या धोतराचा दूरचा भाऊबंद! त्या शब्दाचा संबंध लॅटिनातील 'झाकणे' या अर्थाच्या धातूशी आहे, आणि तो धातू व आपला संस्कृतातील 'स्थग्' हे एकाच मुळाचे. मुलगा वयात आला की, रोमन लोक त्याची किनारीची बालवस्त्रे उतरवून त्यास पांढरा टोगा देत. जणू आमची मुंजच. हे सर्व आम्ही नातीस समजावून सांगितले. पुढे असेही सांगितले की, टोगा एकट्याने नेसणे कठीण असे, म्हणून श्रीमंतांकडे चुण्या घालून देण्यास गुलाम ठेवलेले असत.

नातीचे लक्ष मूर्तीच्या पायांकडे होते. ती म्हणाली, "आजोबा, याने बूट घातलेत."

खरेच, त्या मूर्तीच्या पायांत वाद्यांनी बांधलेले उंच बूट आहेत.

"तुमच्याही पायात बूट आहेत," ती म्हणाली. "मग आजीलाच चपला का?" आणि थोड्या वेळाने, "तुमच्या चुण्या तर आजीच करते ना?"

चिरंजीव दुसरीकडे पाहू लागले. आम्ही मुलीस दटावले नाही. दटावण्याजोगे तिने काही म्हटले नव्हते. वर्गात एखादे पोर असा प्रश्न विचारते की, त्याचे उत्तर फळ्यावर लिहिण्यासाठी पाठ फिरवावी, तो हातातला खडू जागच्या जागी राहतो. तसे आमचे झाले.

त्या रात्री आम्ही वही उघडली. रोज पाहिलेल्या स्थळांची नोंद आम्ही तीत ठेवीत होतो. जुन्या सवयीने शेजारी रकाने आखले आणि हजेरीपट तयार केला. आमच्या नावापुढे पाच दिवसांत चौदा स्थळे भरली. चिरंजिवांच्या नावापुढे तितकीच, सूनबाईंच्या अकरा. सौ.च्या नावापुढे दोन; एक नदीवरील जुना पूल, तोही परतताना अंधारात, आणि दुसरे भाजीबाजार. खिडकीतून दिसणारा घुमट धरावा की नाही, याचा विचार करीत आम्ही बराच वेळ बसलो. न धरणेच प्रामाणिकपणाचे होते. चाळीस वर्षांच्या संसारात काशी, रामेश्वर, हरिद्वार, द्वारका इतकी ठिकाणे आम्ही उभयतांनी 'पाहिली', असे आम्ही लोकांस सांगत आलो. त्यांतील किती ठिकाणी ती धर्मशाळेच्या स्टोव्हपाशी होती, हे आठवू लागलो, तेव्हा वही मिटावी लागली.

सौ. दिवा मालवावयास आली. आम्ही विचारले, "तुला या गावात काय पाहावयाचे आहे?"

ती म्हणाली, "म्यूनिकला सांगितले होते की मी."

मग आठवले. सौ.चे माहेर कोल्हापूरचे. फ्लॉरेन्सचे नाव निघताच ती म्हणाली होती, "तिथे आमच्या महाराजांची समाधी आहे." त्यावर "ती गावाबाहेर आहे, वेळ उरल्यास पाहू," असे आमचे उत्तर झाले होते.

दुसरा दिवस संक्रांतीचा होता. पहाटे सौ. उठण्यापूर्वी आम्ही धोतर घेऊन इस्तरीपाशी गेलो. निऱ्या आठ व्हावयाच्या, त्या साडेसहा झाल्या, आणि एके ठिकाणी कापड किंचित करपले. सौ. दारात उभी राहून पाहत होती. आम्हांस वाटले, तिला गहिवर येईल. ती म्हणाली, "चाळीस वर्षांनी सुचले. बाजूला व्हा, बोट भाजेल." परंतु तिने इस्तरी आमच्या हातातून घेतली नाही. केवळ नळ्यांवरचा टॉवेल सारखा केला आणि आत गेली.

सूनबाईंनी तिला लोकरी मोजे व तपकिरी बूट आणून दिले. काळी चंद्रकळा, त्यावर सुनेचा लांब कोट आणि खाली बूट, अशी ती जिना उतरली. आम्हांस ते शोभेनासे वाटेल अशी आमची खात्री होती. वाटले नाही. खालच्या मजल्यावरील घरमालकीण, सत्तरीच्या बाई, दार उघडून उभ्या होत्या. त्यांनी सौ.कडे आपादमस्तक पाहिले आणि "बेल्ला!" म्हणून तिचे दोन्ही हात धरले. सौ.ने त्यांस तिळगूळ दिला. त्या बदल्यात दुपारी आम्ही सर्वांनी त्यांच्याकडे जेवावे, असे चिरंजिवांच्या मध्यस्थीने ठरले. सर्वांचे डोळे आमच्याकडे वळले. आम्ही म्हटले, "मांस नसावे, एवढे सांग."

मुठा-मुळेप्रमाणे येथे आर्नो व मुन्योने या नद्यांचा संगम आहे. कास्किने नावाच्या विस्तीर्ण उद्यानाच्या अगदी पश्चिम टोकास तो लागतो. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडची यात्रा आटोपून स्वदेशी परतत असता या शहरी आजारी पडले, आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी वारले. वय अवघे वीस. दहन हा प्रकार तेव्हा त्या देशात रूढ नव्हता. तरी नगराच्या अधिकाऱ्यांनी परवानगी दिली, आणि महाराजांच्या परिवाराने संगमाच्या काठी रात्री अग्निसंस्कार केला. १८७४ साली तेथे छत्री उभारली गेली. तिची योजना मँट या स्थापत्यकाराची. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा आराखडाही त्यांचाच. आत महाराजांचा रंगविलेला अर्धपुतळा आहे, मस्तकी पागोटे, अंगावर अलंकार. शेजारचा १९७०च्या दशकातला मोठा पूलही 'भारतीयाचा पूल' याच अर्थाच्या नावाने ओळखला जातो.

उद्यानाच्या वाटेने तीन कोस नव्हे, पण एक कोस सहज चालावे लागते. सौ. सर्वांच्या पुढे चालली होती. तिला इतके भरभर चालताना आम्ही कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. आणि याचे कारण तिचे पाय नव्हते, आमची सोबत होती, असे आता वाटते.

छत्रीपाशी ती पुष्कळ वेळ उभी राहिली. तिच्या वडिलांचे शिक्षण कोल्हापुरास राजाराम कॉलेजात झाले. ते याच महाराजांच्या नावाचे. ती हळूच म्हणाली, "वीस वर्षांचे पोर. शेवटच्या आजारात कोणी पेज केली असेल की नाही, कोण जाणे." तिने कट्ट्यावर तिळगुळाची एक वडी ठेवली. आम्ही त्या जागेविषयी पुष्कळ वाचून आलो होतो. परंतु हा प्रश्न आम्हांस सुचला नसता. परतताना तिने एवढेच सांगितले, "स्वयंपाकाचा मला कंटाळा नाही हो. फक्त तुम्ही कधी विचारले नाही, आज करू का म्हणून."

दुपारी घरमालकिणीच्या लांब मेजावर 'रिबोल्लिता' वाढण्यात आली. नावाचा अर्थ 'पुन्हा उकळलेली'. पांढरे घेवड्यासारखे दाणे, काळपट हिरव्या पानांची कोबीच्या जातीची भाजी, गाजर, कांदा, आणि त्यात शिळ्या पावाचे तुकडे घालून शिजवितात. दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळून वर ऑलिव्हचे कच्चे तेल सोडतात. तेथील पाव बिनमिठाचा असतो, त्यामुळे तो असा कालवणात मुरविला म्हणजेच त्याची खरी गोडी कळते. हे गरिबांचे, काटकसरीचे अन्न. सौ.ने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "अहो, हे तर आपले आमटीतले भाकरीचे कुटके!" आम्हीही घेतला. तोंडाशी नेताना वडिलांची आठवण झाली. त्यांच्याशी मनोमन काय बोललो, ते येथे लिहीत नाही. परंतु ज्या घरात आपल्या माणसाचे हात प्रेमाने धरले गेले, तेथील अन्नास परान्न म्हणण्यास जीभ वळेना.

जेवणानंतर दोघी चुलीपाशी गेल्या. लसणाच्या पाकळ्या किती, हे बाई बोटांवर सांगत होत्या, "...सेत्ते, ओत्तो, नोव्हे", आणि सौ. मागून "सात, आठ, नऊ" म्हणत होती. याच फ्लॉरेन्सचा फिलिप्पो सास्सेत्ती नावाचा व्यापारी सोळाव्या शतकात हिंदुस्थानात येऊन राहिला होता, आणि सप्त, अष्ट, नव व आपल्या भाषेतील हे अंक यांतील सादृश्य त्याने तेव्हाच पत्रांतून घरी कळविले होते. १५८८ साली तो गोव्यात वारला. आमच्या महाराजांचा देह त्यांच्या नदीकाठी पडला, त्यांचा माणूस आमच्या किनाऱ्यावर. हे सर्व सांगावे म्हणून आम्ही उठलो होतो. परंतु त्या दोघींस कोणाच्याही भाष्यावाचून परस्परांचे सर्व कळत होते, म्हणून पुन्हा खाली बसलो.

उरलेल्या दिवसांत सौ.च्या नावापुढे सात स्थळे भरली. घुमटाच्या आत ती नातीचा हात धरून मान वर करून उभी राहिली, तेव्हा आम्ही १४३६ हे साल पुन्हा सांगितले नाही.

आम्ही अजून धोतरच नेसतो, आणि वरणभातच आम्हांस प्रिय आहे. स्वदेशी परतल्यावर आम्ही अगदी निराळे झालो, असे म्हणणे असत्य होईल. पहिल्याच आठवड्यात दोनदा धोतर कोठे आहे म्हणून हाक मारली. परंतु आता ते आम्हीच धुतो व आम्हीच घडी घालतो. निऱ्या सारख्या होत नाहीत. रस्त्यात कोणी छायाचित्र मागेल, अशी ती घडी नाही. वाचकांपैकी ज्या गृहस्थांच्या घरी परटाकडचे नव्हे, तर कोणाच्या तरी हातचे सारखे कपडे व वेळेवर गरम अन्न मिळत असेल, त्यांनी एकदा आपल्या प्रवासांचा हजेरीपट मांडून पाहावा. आमच्या वहीतील कोरे रकाने आता भरून निघणार नाहीत. पुढच्या पानावर मात्र आम्ही तिचे नाव प्रथम लिहिले आहे.